त्याच्या टीमला फोन तुम्हीच करा

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एका विषयात केटी आहे, म्हणजे तो विषय राहिलाय. जळगावला सिव्हिलच्या विद्यार्थ्यांचं विभागीय संमेलन आहे, त्यात काँक्रीट क्यूबची स्पर्धा : काँक्रीटचा ठोकळा भरायचा आणि मशीनवर दाबून फोडून त्याची ताकद बघायची. सिमेंट जास्त टाकेल तो जिंकेल, त्यासाठी महिना घालवायचा? तो येणार नाही, असं मीच त्याच्या मित्रांना फोनवर सांगितलं. तेव्हापासून तो घरात बोलत नाही. एमपीएससीचा क्लास आत्ताच लावू का?

उत्तर : भाऊसाहेब, केटी सुटेल. मला काळजी वाटली ती त्या फोनची. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचं नाव तुम्ही परस्पर काढून घेतलंत आणि मित्रांसमोर त्याचा शब्द खाली पडला. उद्या साइटवर ठेकेदाराला "हा माल चालणार नाही" असं याच मुलाने तोंडावर सांगायचं आहे. घरात त्याच्या शब्दाला किंमत नसेल, तर तिथे तो कशाच्या जोरावर बोलेल? त्याच्या गप्प बसण्याला हट्ट समजू नका. तो दुखावला आहे.

आता सिमेंटचं. अशा स्पर्धांत बऱ्याचदा ठरवून दिलेल्या ताकदीच्या सर्वांत जवळ जाणाऱ्याचा नंबर येतो. नियमांचा कागद मुलाकडून मागून वाचा. ३० एमपीए (दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसण्याची ताकद) मागितले असतील तर १५० मिमीचा क्यूब ६७५ किलोन्यूटन भाराच्या आसपास फुटायला हवा. ९०० ला फुटला तर तोही चुकलाच. तीन क्यूबसाठी, सांडलवंड धरून, १२ लिटर काँक्रीट लागतं : साधारण साडेचार किलो सिमेंट, दोन लिटर पाणी, साडेआठ किलो वाळू, बाकी खडी. वाळूत ३ टक्के ओल असली, तर पाव लिटर पाणी तिच्यातूनच येतं. ते वजा केलं नाही की पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ वरून ०.५ वर जातं आणि ताकद घसरते. उलट, आपल्याकडच्या उन्हात तापलेली कोरडी खडी पाणी पिते, माल घट्ट वाटतो आणि पोरं वरून मगभर पाणी ओततात. क्यूब बिघडतो तो इथे. भरताना तीन थर, दर थराला सळईचे ३५ ठोके. कोपऱ्यात हात आखडला की साचा सोडल्यावर कडेला पोकळ्या दिसतात. हे हाताला कळलं की पुस्तकातलं मिक्स डिझाइन, म्हणजे कोणता माल किती घ्यायचा याचं गणित, डोक्यात बसतं.

आणि महिना? २८ दिवस पाण्याच्या टाकीत क्यूब पडून असतो, मुलगा नाही. ट्रायलचे क्यूब भरायचे, ७ दिवसांनी फोडून अंदाज घ्यायचा (तोवर सुमारे दोन-तृतीयांश ताकद येते), मग स्पर्धेचे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी साचे सोडायचे. त्याचे सगळे मिळून चार-पाच दिवस जातील. केटीचा अभ्यास बाकीच्या दिवसांत होतो.

एमपीएससी, एसएससीची जेई (केंद्राची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा), गेट (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा) : तिन्हींत काँक्रीट येतंच. क्लासचं केटी सुटल्यावर, त्याला विचारून ठरवा.

आज संध्याकाळी त्याला आधी विचारा आणि त्याची तयारी असेल तर टीमला फोन करा. "नाव मी काढलं होतं, त्याची चूक नव्हती," एवढं स्वच्छ सांगा. जागा भरली असली तरी त्याला संमेलनाला जाऊ द्या. क्यूब फोडतात त्या दिवशी तुम्हीही जा, अमळनेरहून जळगावला थेट रेल्वे आहे. मशीनवर जो आकडा येईल, तो तेवढाच का आला, हे मुलाला विचारा.