अख्खा कॅलिपर बदलण्याआधी पिन सोडवून बघा

दहा वर्षं जुनी हॅचबॅक, रत्नागिरीत चालणारी. पुढचं डावं चाक तापतंय, ब्रेकचा आतला पॅड लोखंडापर्यंत घासलाय, बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक, कॅलिपरची, म्हणजे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, खालची पिन हलत नाही आणि गॅरेजवाला म्हणतोय कॅलिपरच बदला. एवढ्यावरून तरी मी बदलणार नाही.

या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन धरली की सरकणं बंद, सगळं काम आतल्या पॅडवर. पिस्टन मागे जात नसेल तरीही आतलाच पॅड आधी संपतो, म्हणून दोन्ही तपासायचं. पण सुरुवात पिनेपासून.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, आणि वजन स्टँडवर. नुसत्या जॅकवर हे काम करायचं नाही, कारण इथे तुम्ही पान्याला जोर लावून ओढणार आहात. कॅलिपर सुटला की तारेने स्प्रिंगला बांधा. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवलात तर होज आतून फाटतो आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

जाम पिनेशी गाडीखाली वाकून झटापट करू नका. ब्रॅकेटचे, म्हणजे या पिना ज्याच्या भोकांत बसतात त्या चौकटीचे, दोन बोल्ट काढून ब्रॅकेटच बाहेर घ्या आणि वाइसमध्ये धरा. पिनेवरची रबरी टोपणं, म्हणजे बूट, काढून फेका, ते नवीनच लागणार आहेत. गंज सोडवणारं तेल मारून दोन-तीन तास विसरून जा. मग पिनेच्या डोक्यावर पाना लावून आधी फिरवायचा प्रयत्न करा, ओढायचा नाही. थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. पिन केसभर जरी फिरली तरी निम्मं काम झालं. पुन्हा तेल, पुन्हा फिरवणं, आणि फिरवता फिरवताच बाहेर ओढणं. फिरतच नसेल तर ब्लो टॉर्चने ब्रॅकेटचं भोक बाहेरून गरम करा, पिन नाही. आधी ते तेल नीट पुसून काढा, नाहीतर पेट घेईल. आच फक्त सुट्या ब्रॅकेटला द्यायची. ऑइल भरलेल्या कॅलिपरच्या जवळपासही टॉर्च न्यायचा नाही. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर तर मुळीच नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीन असतं आणि त्याचा तापून विषारी वायू होतो.

पिन बाहेर आली की नीट बघा. नुसता तपकिरी डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो. खड्डे पडले असतील किंवा वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटत असेल तर नवीन पिन आणि बुटांचं किट घ्या, कॅलिपरच्या तुलनेत ते अगदीच किरकोळ पडतं. भोक साफ करायला बाटली धुवायचा बारीक ब्रश आणि ब्रेक क्लीनर पुरतो. ड्रिल घालून भोक मोठं करू नका, पिन खडखडायला लागेल.

माझ्या मते खरा दोष गंजाइतकाच ग्रीसचा असतो. बऱ्याच ठिकाणी बेअरिंगचं साधं ग्रीस पिनेलाही फासतात. ते खनिज तेलाचं, ब्रेकच्या रबराला चालत नाही. काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो; तो या ग्रीसने फुगतो आणि पिन भोकात पाचर मारल्यासारखी बसते. रॉकेल-पेट्रोलने रबर धुणंही त्याच जातीचं. पिनेला सिलिकॉनचं, ब्रेकसाठीच असलेलं ग्रीस लावा, पातळ थर. भोक भरून ठेवलंत तर आत हवा कोंडते आणि पिन दाबली की परत बाहेर येते. तसं झालं तर बुटाची कड बोटाने उचलून हवा जाऊ द्या. बुशवाली पिन वर होती की खाली, हे काढतानाच फोटो काढून ठेवा.

आता पिस्टन. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने हळू दाबा. कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल सुटत असेल तर त्याला नळी लावून, ती बाटलीत सोडून, मग दाबलेलं बरं. म्हणजे घाण ऑइल उलटं एबीएसकडे (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे) जात नाही. निपल अडला तर सहाकोनी गोटी लावा, आधी किंचित आवळा आणि मग सोडा. तरीही हट्ट करत असेल तर सोडून द्या, पिनेच्या कामाला त्याची गरज नाही. तुटलेला निपल मात्र खरोखर कॅलिपर बदलायला लावतो. पिस्टन सहज आत गेला तर तो ठीक आहे, उगाच उघडू नका. अडत असेल तर समोर लाकडाचा तुकडा ठेवून ब्रेक पेडलच्या दाबानेच बाहेर काढा. कंप्रेसरच्या हवेने काढताना पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं जातात. सील बांबूच्या काडीने काढा, आणि सीलच्या खाचेतला गंज खरवडा, कारण तोच सीलला आतून रेटून पिस्टन आवळतो. पिस्टनवर सील बसतो तिथे खड्डे असतील तर पिस्टन नवीन. नवं सील बसवताना ग्रीस नाही, ताजं ब्रेक ऑइल लावा. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पॅड लोखंडापर्यंत गेलाय म्हणजे डिस्कची आतली बाजू खरवडलेली असणार, ती हात फिरवून बघा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. पॅड दोन्ही पुढच्या चाकांना बदला आणि उजव्या पिनाही आताच काढून बघा. त्यांनीही तेवढेच कोकणातले पावसाळे आणि तीच खारी हवा खाल्ली आहे.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिले काही दाब रिकामे जातात. ऑइलची पातळी बघा, आणि पिस्टन किंवा होज उघडला असेल तर हवा काढा. मग थोडी फिरवून आणून दोन्ही चाकांजवळ हात न्या. डावं अजूनही जास्त तापत असेल तर चाक उचलून, ब्रेक मारून सोडा, आणि निपल उघडा. उघडताच चाक मोकळं झालं तर दाब वरच अडकतोय, बहुतेक वेळा होजमध्ये. निपल उघडूनही धरून राहिलं, तर पुन्हा कॅलिपरकडे या.