जिवाला विसावा की आत्म्याला विश्रांती?

मिरजेच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनासभेसाठी फळ्यावर ‘आत्म्याला विसावा’ असं लिहिलं होतं. एका ज्येष्ठ सभासदांनी ते पुसून ‘आत्म्याला विश्रांती’ करायला लावलं. त्यांचं म्हणणं असं की विसावा घटकाभराचा, तो वाटसरूने घ्यायचा. आणि गावाकडे तिरडी वाटेत खाली टेकवतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात. ख्रिस्त देतो ते कायमचं, म्हणून विश्रांती. ताई विचारतात, बरोबर काय?

माझं मत आधीच सांगतो. ‘विसावा’ पुसायला नको होता. पुसायचाच होता तर ‘आत्म्याला’ पुसायचा.

ज्या वचनावरून हा मथळा आला ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं आहे: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ लगेच पुढच्या ओवीत येतं, ‘म्हणजे तुमच्या जिवास विश्रांती मिळेल.’ म्हणजे वाद ज्या दोन शब्दांत लागला ते तिथे शेजारी शेजारी बसलेले आहेत. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या ठिकाणी क्रियापद आहे, ‘अनापाउसो’. दुसऱ्या ठिकाणी त्याच धातूचं नाम, ‘अनापाउसिस’. मराठीतही हे दोघे एकाच घरचे. संस्कृत ‘विश्राम’ प्राकृतात ‘वीसाम’ झाला, मग ग्रामचं गाव आणि नामचं नाव झालं त्याच चालीने ‘म’चा ‘व’ होऊन विसावा. ‘विश्रांती’ मात्र संस्कृतातून जशीच्या तशी आली. दोघांच्याही पोटात ‘श्रम्’ आहे. ग्रीकमध्ये एकाच मुळाची दोन रूपं आणि मराठीतही एकाच मुळाचे दोन शब्द! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते पान उघडं ठेवून बसलो होतो.

मूळ एक असलं तरी वापरात फरक आहेच. डॉक्टर विश्रांती सांगतात, विसावा सांगत नाहीत. विश्रांती घरात, अंथरुणावर, आठवडाभरही असते. विसाव्याच्या आधी चाल लागते नाहीतर ओझं लागतं. माझी आजी कोरेगावकडची. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येताना ती उंच बांध बघूनच थांबायची, कारण भारा जमिनीवर टाकला तर पुन्हा एकटीला उचलता येत नाही. बांधावर भारा टेकवायची, चुंबळ सोडून पदराने मान पुसायची आणि म्हणायची, “इसावू दे गं बाई जरा जिवाला.” रविवारी चर्चमध्ये ‘भाराक्रांत’ हा शब्द वाचला गेला की मला अजूनही तो भारा दिसतो. शब्द केवढा संस्कृत, पण त्यात आजीचा भारा जसाच्या तसा बांधलेला आहे.

त्याच वचनात ‘माझे जू आपणांवर घ्या’ असंही आहे, आणि मथळे लिहिणारे नेमकं हेच विसरतात. थकलेल्याला बोलावलं, विसावा देतो म्हटलं आणि वर जू? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे कोडं वाटणार नाही. जू नीट बसलं नाही की बैलाचा खांदा सुजतो, सोलतो. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदे शेकून तेल-हळद चोळतात ते याच दुखण्याच्या जागेवर. येशू म्हणतो, ‘माझे जू सोयीचे’. ‘सोयीचे’ला मूळ शब्द आहे ‘ख्रेस्तोस’, म्हणजे चांगला, मायेचा, बेताचा बसणारा. खांदा न सोलणारं जू. काम सुटत नाही, सोलणं थांबतं. यासाठी मला तरी ‘विसावा’ हाच शब्द पुरा पडतो, कारण पुढची चाल त्यात गृहीत आहे. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला, आपल्या सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा वाटेतल्या थांब्याला वारकरी विसावा म्हणतात आणि रात्रीच्या थांब्याला मुक्काम. विसाव्यानंतर दिंडी उठते ती ताज्या पायांनी.

आता ‘घटकाभराचा’ हा आक्षेप. त्याला उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. इब्री लोकांस पत्रात, चौथ्या अध्यायात, देवाच्या लोकांसाठी राहिलेला ‘शब्बाथाचा विसावा’ असा प्रयोग आहे (शब्बाथ म्हणजे कामं थांबवण्याचा पवित्र दिवस), आणि तिथे गोष्ट घटकाभराची नक्कीच नाही. तिरडीच्या विसाव्याचं म्हणाल तर तो खांदेकऱ्यांसाठी असतो. त्यामुळे शब्दाला विटाळ होत नाही; आमच्या साताऱ्यात विसावा नाक्यावरून रोज माणसं जातात, कुणाच्या मनात अशुभ येत नाही.

‘आत्मा’ का नको? मराठी बायबल साधारणपणे ‘आत्मा’ हा शब्द ‘प्नेउमा’साठी ठेवतं, ‘पवित्र आत्मा’ म्हणतो तो. या वचनात मूळ शब्द आहे ‘प्सुखे’, आणि त्याला भाषांतरकारांनी ‘जीव’ लावला. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे दमतो जीव, टांगणीला लागतो जीव, घोर लागतो तो जिवाला, भांड्यात पडतो तोही जीवच. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढलेली बाई ‘माझा आत्मा थकला’ म्हणत नाही. ज्याला थकवा येतो त्यालाच विसावा हवा.

जाता जाता ‘कष्टी’ही बघा. आज आपण तो दुःखी-कष्टी असा जोडीने वापरतो, म्हणून वाचणाऱ्याला उदास माणूस दिसतो. मुळातला शब्द राबून थकलेल्यांसाठी आहे. सभेत वाचताना एवढं सांगितलं तर ऊसतोडीवरून आलेल्या माणसाला ते बोलावणं आपल्याला आहे हे कळेल.

ख्रिस्ती मराठीने असे घरचे शब्द टाकून संस्कृताकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला तेव्हा भजन, अभंग ही इथल्या मातीतली भाषाच बरोबर घेतली होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत.

तेव्हा ताई, फळ्यावर ‘जिवाला विसावा’ लिहा. आणि ‘जि’ ऱ्हस्व काढा. मूळ शब्द ‘जीव’, पण प्रत्यय लागला की ‘जिवाला’, ‘जिवास’. छापील वचनातही तसंच आहे.