कमी खर्चात इटली आणि ग्रीस

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण येत्या ऑक्टोबरमध्ये अठरा दिवस इटली व ग्रीस पाहणार आहोत. दोन व्हिसा लागतील का, आणि खर्च कोठे वाचवता येईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो, मात्र ज्या देशात मुक्काम अधिक दिवसांचा असेल त्याच देशाकडे अर्ज करावा आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा काढावा.

खरी बचत रेल्वेप्रवासात आहे. इटलीतील अतिजलद गाड्यांचे भाडे प्रवासाची तारीख जवळ येईल तसे बहुधा चढत जाते, तर 'रेजिओनाले' म्हणजे प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते. वेळ हाताशी असेल तर रोम ते नेपल्स हा प्रवास त्याच गाडीने करावा. छापील तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरील यंत्रात शिक्का उमटवून घ्यावा, कारण तिकीट काढूनही दंड भरण्याचे दुःख काही निराळेच असते.

ग्रीसला जाण्यासाठी इटलीतील बारी बंदरातून ग्रीसमधील पात्रास बंदराला जाणारी रात्रीची बोट आम्हांला विमानापेक्षा अधिक पसंत आहे, कारण तिच्यात एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचते. डेकवरचे तिकीट सर्वांत स्वस्त, पण ऑक्टोबरमधील गार वारा लक्षात घेता आतली खुर्ची घ्यावी.

रोममध्ये पाणी विकत घेऊ नये; रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे वाहते नळ आहेत. इटलीतील सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात, तेव्हा गर्दीची तयारी ठेवून सकाळी लवकर पोहोचावे.