नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केला, तर किराणा कसा भरायचा?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. पगार ४२,००० रुपये. क्रेडिट कार्डाचे २.४ लाख आणि दोन वैयक्तिक कर्जांचे ५ लाख थकलेत. महिनाअखेरचा किराणा कार्डावरच भरायचो. आता बँकेने कार्डाची मर्यादा उतरवली आणि नवे कर्जही कुणी देत नाही. नादारी जाहीर केली तर घरखर्चाला हात मोकळा होईल का?

उत्तर : थोडा होईल, पण उधारीची वाट जवळजवळ बंद होईल. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग सध्या फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू आहे. तुमच्यासाठी १९२०चाच जुना नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात.

नादार ठरवणारा आदेश झाला की मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे स्वयंपाकाची भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र आणि भविष्यनिर्वाह निधी यांना हात लावता येत नाही. पगाराचे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुरक्षित. म्हणजे ढोबळ हिशेबाने ४२,००० पैकी सुमारे १३,६६७ जप्त होऊ शकतात. घर २८,३३३ मध्ये बसवावे लागेल.

खरी अडचण नादारी कायद्याच्या कलम ७२ची. न्यायालयाकडून देण्यांतून मुक्ततेचा आदेश होईपर्यंत ‘मी नादार आहे’ हे न सांगता ५० रुपयांची किंवा त्याहून जास्त उधारी घेतली, तर तो गुन्हा ठरतो, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाण्याची वहीसुद्धा यात आली. ही अट फार जुनी आणि जाचक आहे, पण आजही कायम आहे.

त्यामुळे अर्जाआधी घर रोखीवर आणा. कुटुंबे कोलमडतात ती रोजच्या भाजीने नव्हे, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाने, कारण तो आजवर हप्त्यांवर जायचा. शाळेची फी ३६,०००, विम्याचा हप्ता १८,०००, दिवाळी १२,००० धरली तर दरमहा ५,५०० आधीच बाजूला काढावे लागतात. विमा तोडू नका. एक दवाखाना सगळे गणित उधळतो. हे पैसे आणि पगार ज्या बँकेचे देणे नाही तिथल्या खात्यात ठेवा. देणे असलेली बँक खात्यातली रक्कम परस्पर वळती करून घेऊ शकते, आणि नेमका एक तारखेला किराणा अडतो.

न्यायालयाआधी बँकेला तडजोड, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवणे, विचारून पाहा. तडजोडीनंतर ती बँक किमान १२ महिने नवे कर्ज देत नाही आणि पतअहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते. रक्कम आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेले बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.