आधी चौथी, मग शंभरावी?

प्रश्न : माझी भाची राष्ट्रीय ज्युनिअर ओरिएंटिअरिंग (नकाशा आणि होकायंत्र घेऊन नेमलेली ठिकाणं शोधत धावण्याचा खेळ) संघातून युरोपात जागतिक स्पर्धेला गेली आहे. मिडलच्या (मध्यम अंतराच्या शर्यतीच्या) दिवशी ती निकालात आधी चौथी दिसली आणि तासाभरात शंभराच्या पलीकडे गेली. फोनही लागेना. घरबसल्या हे समजून कसं घ्यायचं? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भाची मागे पडली नाही, बाकीचे यायचे होते. मिडलमध्ये साधारण दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक जण सुटतो. लवकर सुटलेल्याचं नाव सुरुवातीला वर राहणारच. शेवटचा खेळाडू येईपर्यंत क्रमांकाकडे लक्ष देऊ नका. सुटण्याआधी मार्गाची माहिती फुटू नये म्हणून खेळाडूंना वेगळं ठेवतात आणि फोन काढून घेतात, त्यामुळे शुभेच्छा आदल्या रात्रीच द्या. मध्य युरोपात उन्हाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा.

खरी शर्यत स्प्लिटच्या तक्त्यात असते. एका कंट्रोलपासून (नकाशावर नेमून दिलेल्या, झेंडा लावलेल्या ठिकाणापासून) पुढच्या कंट्रोलपर्यंत किती वेळ लागला, ते त्यात कळतं. समजा, बहुतेक टप्प्यांत तिला सर्वांत वेगवान मुलीच्या सुमारे १.४ पट वेळ लागतो. एका टप्प्यात त्या मुलीची २ मिनिटं आहेत, तर भाचीची २:४८ च्या आसपास हवीत. तिथे ५:०० दिसली, तर सव्वादोन मिनिटं चुकीत गेली. असे दोनच टप्पे चुकले असतील, तर पाय चांगले चालले, नकाशा चुकला. चूक बहुधा शेजारच्या तशाच घळीत किंवा टेकाडावर शिरल्याची असते. सगळेच टप्पे सारखे मंद असतील, तर मात्र प्रश्न वेगाचा.

शर्यत ऑनलाइन बघताना तिच्या जीपीएस ट्रॅकरचा ठिपका नकाशावर थबकला, तरी घाबरू नका. दाट झाडीत जीपीएस अडखळतं. ट्रॅकर सगळ्यांना देतीलच असंही नाही. मिडलचा नकाशा १:१०,००० चा, म्हणजे एक सेंटिमीटरला १०० मीटर. लाँगचा (लांब अंतराच्या शर्यतीचा) १:१५,००० चा. पांढरा रंग म्हणजे धावता येईल असं जंगल, गडद हिरवा म्हणजे गचपण. ठिपका हिरव्याला वळसा घालून गेला, तर ती चूक नाही, शहाणपण आहे.

नावापुढे वेळेऐवजी ‘एमपी’ (मिसपंच) आलं, तर एखादं कंट्रोल राहिलं किंवा चुकीचं पंच झालं (पंच म्हणजे कंट्रोलवर पोचल्याची नोंद). अशी धाव बाद, मग वेळ कितीही चांगली असो. वाटेत जास्तीचं कंट्रोल पंच झालं, तर चालतं. नेमून दिलेली मात्र क्रमाने हवीत. म्हणून झेंड्याजवळचा कोड (तो ३१ पासून पुढे असतो) वर्णनपत्रिकेशी (नेमून दिलेल्या कंट्रोलांच्या यादीशी) ताडून बघायचा असतो. दमल्यावर नेमकं हेच राहतं.

प्रश्न : रिलेतही असेच स्प्लिट ताडायचे का? – प्रतापनगर

उत्तर : मधले नाही. रिलेत संघातल्या तिघी एकीमागून एक धावतात आणि सगळ्या संघांच्या पहिल्या खेळाडू एकदम सुटतात, म्हणून एकमेकांच्या मागे धावणं टाळायला काही कंट्रोलं संघागणिक बदलतात. तिघींची बेरीज झाल्यावर मार्ग सारखा होतो, त्याआधी नाही. आणि तिघींपैकी एकीचं जरी पंच चुकलं, तरी सगळा संघ बाद.