वाचकांचे प्रश्न : कच्च्या लिंबांचा संघ

प्रश्न : मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. खेळावरच्या विनोदी चित्रपटांत १९७६ चा ‘द बॅड न्यूज बेअर्स’ मला सर्वांत वरचा वाटतो. माझ्या मुलाला तो संथ वाटतो. त्याच्या मते २००४ चा ‘डॉजबॉल’ पहिल्या अर्ध्या तासात जेवढा हसवतो, तेवढा माझा आवडता चित्रपट शेवटपर्यंत हसवत नाही. ‘जुने ते सोने’ म्हणणे हा केवळ माझ्या वयाचा दोष आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : हशांची मोजदाद केली, तर आपल्या चिरंजीवांचे म्हणणे खरे ठरेल, हे आधीच मान्य करतो. चेंडू चुकवायला शिकवताना खेळाडूंच्या अंगावर नटबोल्ट आवळायचे लोखंडी पाने फेकणारा ‘डॉजबॉल’मधला म्हातारा प्रशिक्षक पाहून मीही खुर्चीतून घसरलो होतो. मात्र दोन्ही चित्रपट ज्या तऱ्हेच्या संघाची गोष्ट सांगतात, त्या संघाचे शेवटी काय होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे असे मला सुचवायचे आहे.

गल्लीतल्या खेळात ज्याला आपण ‘कच्चे लिंबू’ म्हणतो, म्हणजे ज्याला खेळायला घेतात पण ज्याचे बाद होणे धरत नाहीत, अशाच मुलांचा ‘बेअर्स’ हा संघ आहे. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत त्यांना कोणी घेत नाही, म्हणून एक नगरसेवक कोर्टात जातो आणि केवळ त्या दाव्यामुळे हा संघ जन्माला येतो. त्यांना शिकवायला मिळतो तो वॉल्टर मॅथाऊ या नटाने साकारलेला प्रशिक्षक, म्हणजे एके काळी दुय्यम दर्जाच्या स्पर्धांत खेळलेला, आता लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करणारा आणि मैदानावरही बिअर सोबत ठेवणारा गृहस्थ. पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचा एकही गडी बाद होत नाही आणि धावा मात्र होतच राहतात, तेव्हा हा प्रशिक्षक सामना सोडून देतो. पुढे चांगली चेंडूफेक करणारी एक मुलगी आणि गावातला एक उनाड पण तरबेज मुलगा येऊन मिळतात, संघ जिंकू लागतो, आणि इथपर्यंत कथा कोणत्याही चित्रपटाची असू शकते.

अंतिम सामन्यात मात्र ती वळते. प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक चेंडू फेकणाऱ्या स्वतःच्याच मुलाला भर मैदानात थोबाडीत मारतो. तो मुलगा पुढच्या चेंडूवरचा फटका अडवतो, चेंडू हातात घट्ट धरून ठेवतो, कोणाकडेही फेकत नाही, आणि ‘बेअर्स’चा लठ्ठ फलंदाज चारही टप्पे धावून पूर्ण करेपर्यंत सगळे मैदान नुसते पाहत राहते. आपणही जिंकण्यासाठी त्या बापासारखेच वागू लागलो आहोत, हे मॅथाऊच्या ध्यानात येते आणि तो वर्षभर बाकावर बसलेल्या मुलांना मैदानात उतरवतो. ‘बेअर्स’ ६-७ असे हरतात. उपविजेतेपदाचा करंडक फेकून देत त्यांच्यातला सर्वांत बुजरा मुलगा ‘पुढच्या वर्षी बघून घेऊ’ या अर्थाचे ओरडतो, तेव्हा येणारे हसू आधीच्या दोन तासांतल्या कोणत्याही हशापेक्षा वेगळे असते. आपण आयुष्यभर शाळेच्या मैदानावर उभे राहिलेले असल्यामुळे त्या बाकावरच्या मुलांना आपण ओळखता. आपल्या मुलाला ती कदाचित आठवत नसतील.

आता ‘डॉजबॉल’. दिग्दर्शक रॉसन मार्शल थर्बर याने आपला दुबळा संघ आधी हरवलाच होता. पूर्वप्रदर्शनाच्या प्रेक्षकांना ते रुचले नाही, म्हणून शेवट बदलला आणि संघ जिंकला. थर्बरने त्याची चिडचिड चित्रपटातच लपवून ठेवली आहे : शेवटी पैशांनी भरलेली जी पेटी उघडते, तिच्यावर ‘डेउस एक्स माकिना’ असे लिहिलेले आहे, म्हणजे जुन्या नाटकांत गुंता सोडवायला वरून उतरणारा देव. असा खवचटपणा मला आवडतो. पण हरलेल्या संघावर हसू टिकवण्याचे जे अवघड काम १९७६ च्या चित्रपटाने केले, ते इथे सोडून द्यावे लागले, ही गोष्ट राहतेच.

यावरून जुने सगळे असेच होते असे मात्र समजू नये. त्याच्याही आधी, १९२५ साली, हॅरॉल्ड लॉइडच्या ‘द फ्रेशमन’मध्ये संघाला पाणी पाजणारा पोरगा अखेरच्या क्षणी सामना जिंकूनच देतो. त्यातली गर्दीची काही दृश्ये बर्कलीच्या मैदानावर, खऱ्या सामन्याच्या मध्यंतरात टिपलेली आहेत. गंमत अशी, की १९४७ मध्ये दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेसने तोच सामना घेऊन आपला चित्रपट सुरू केला आणि पुढे दाखवले, की त्या दिवशीच्या वीराला कारकुनाची नोकरी मिळते आणि २२ वर्षे तो त्याच टेबलावर बसून राहतो. विजयाच्या दुसऱ्या दिवशी काय होते, हे विचारणारा असा खेळपट मला दुसरा आठवत नाही.

तेव्हा दोष वयाचा नाही, आणि मोठेपणही वयाचे नाही. आपल्या मुलाला एक विनंती करावी : त्याने डीव्हीडीवर असलेला ‘डॉजबॉल’चा मूळ शेवट पाहावा. आपल्यालाही एक सावधगिरीची सूचना आहे : ‘बेअर्स’मधला एक मुलगा इतर वंशांच्या मुलांबद्दल जी भाषा वापरतो, ती आज ऐकवत नाही, त्यामुळे नातवंडांसोबत बसण्याआधी विचार करावा.

प्रश्न : ‘द बॅड न्यूज बेअर्स’ आणि ‘द लाँगेस्ट यार्ड’ या दोन्ही जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या २००५ मध्ये आल्या. गोष्ट तीच असूनही त्या फिक्या का वाटतात? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खेळ ठाऊक नसलेल्यांनी त्या बनवल्या, हे सोपे उत्तर इथे चालत नाही. नवा ‘बेअर्स’ रिचर्ड लिंकलेटरचा आहे, आणि तो महाविद्यालयात स्वतः बेसबॉल खेळलेला आहे. त्याने शेवटचा पराभवसुद्धा जपला. पण मूळ चित्रपटात कॅमेरा मुलांच्या उंचीवर राहतो, तर नव्यात तो प्रशिक्षक झालेल्या बिली बॉब थॉर्नटनच्या वाह्यात बोलण्याभोवती फिरतो, आणि मुले त्याच्या विनोदांना प्रेक्षक होऊन बसतात. याच लिंकलेटरने २०१६ मध्ये ‘एव्हरीबडी वॉन्ट्स सम’ केला, १९८० सालच्या टेक्ससमधल्या महाविद्यालयीन बेसबॉल संघावर. त्यात खेळाडू पिंगपाँगपासून बोटांवर टिचक्या मारण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची पैज लावतात, कारण हरणे त्यांना कुठेच सहन होत नाही. त्याला खेळाडूंविषयी जे ठाऊक होते, ते दुसऱ्याची गोष्ट पुन्हा सांगताना नव्हे, तर स्वतःची सांगताना बाहेर आले.

‘द लाँगेस्ट यार्ड’ची अडचण वेगळी आहे. १९७४ च्या चित्रपटात कैद्यांचा संघ तुरुंगाच्या रक्षकांशी अमेरिकन पद्धतीचे फुटबॉल खेळतो, तो चित्रपट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या खऱ्या तुरुंगात चित्रित झाला आहे, आणि हसता हसता आपल्याला भीती वाटत राहते. नायक बर्ट रेनॉल्ड्स महाविद्यालयात फुटबॉल खेळलेला होता. २००५ मध्ये तोच रेनॉल्ड्स म्हाताऱ्या प्रशिक्षकाच्या भूमिकेत येतो, पण मध्यभागी अ‍ॅडम सँडलर असतो आणि तुरुंग म्हणजे एक सहलीचे ठिकाण होऊन बसते. त्या काळात हे सर्रास झाले होते. विल फॅरेलने २००५ ते २००८ या चार वर्षांत ओळीने सॉकर, मोटारशर्यत, बर्फावरचे स्केटिंग आणि बास्केटबॉल असे चार खेळ उरकले. त्यांतले काही प्रसंग फार मजेदार आहेत, हे नाकारत नाही. तरी नट तोच आणि दरवेळी फक्त गणवेश बदललेला, अशी अवस्था झाली की खेळाचा उपयोग कपडेपटापुरता उरतो.

प्रश्न : मला क्रिकेटखेरीज कोणताच खेळ कळत नाही. बेसबॉलवरचे हे चित्रपट मी पाहू शकेन का? — एक वाचक, लातूर

उत्तर : अवश्य. सुरुवात १९८८ च्या ‘बुल डरॅम’पासून करावी. लेखक-दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः काही वर्षे दुय्यम स्पर्धांत खेळलेला असल्यामुळे त्याला सामन्याच्या मधल्या रिकाम्या वेळाची पुरेपूर माहिती आहे. ऐन सामन्यात खेळाडू चेंडू फेकणाऱ्याभोवती कोंडाळे करतात, आणि काय खल चालला आहे ते पाहायला एक प्रशिक्षक धावत येतो. चेंडू फेकणाऱ्याचे वडील प्रेक्षकांत बसल्यामुळे तो गांगरला आहे, एकाच्या हातमोज्याला करणी झाली असून ती उतरवायला जिवंत कोंबडा हवा आहे, आणि संघातल्या एकाच्या लग्नाला आहेर काय द्यावा, हे कोणालाच सुचत नाही. प्रशिक्षक क्षणभर विचार करतो आणि मेणबत्तीचे स्टँड नेहमीच चांगले दिसतात, असे सांगून सगळ्यांना आपापल्या जागी पाठवतो. या प्रसंगात बेसबॉलचा एकही नियम येत नाही.