पीएफ कापला, पण भरला नाही. हिशेब लिहिणाऱ्याने काय करायचं?

प्रश्न : सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी अकाउंट्स बघते. चाळीस कामगार आहेत. पाच महिने पगारातून पीएफ कापला जातोय, चलन (पीएफ जमा करायचं भरणापत्र) मात्र भरलेलं नाही. मालक म्हणतात, "पार्टीचं पेमेंट आलं की भरू, तोवर कामगारांना बोलू नका." उद्या प्रकरण निघालं तर मी अडकेन का?

उत्तर : मालकांची अडचण खरी असेलही. पण स्टीलवाल्याचं बिल थकलं तर ती कंपनीची उधारी. प्रत्येकाचा पगार 15,000 धरला, तर त्यावर 12 टक्क्यांनी कापलेले 1,800 रुपये कंपनीचे नव्हेतच. चाळीस जणांचे पाच महिन्यांचे 3,60,000 झाले, आणि कंपनीचा तेवढाच हिस्सा वेगळा. कापलेला पीएफ न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 च्या स्पष्टीकरणानुसार न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेला पैसा लाटणं, ठरतो. कैद 5 वर्षांपर्यंत.

ही जबाबदारी कारभार चालवणाऱ्याची. नुसतं खातं लिहिणारं माणूस सहसा त्यात येत नाही. अडकवते ती सही : मागची तारीख टाकलेलं पत्र, 'पीएफ भरला' असा दाखला, किंवा बँकेच्या कर्जाच्या कागदावरचं 'वैधानिक देणी थकीत नाहीत' हे वाक्य. यातल्या कशावरही सही करू नका.

आजच मालकांना ई-मेल करा. दर महिन्याला एक ओळ : पगाराचा महिना, कापलेली रक्कम, कंपनीचा हिस्सा, भरायची मुदत (पुढच्या महिन्याची 15 तारीख), उलटलेले दिवस. सूर आरोपाचा नको, मागणी एकच : सगळ्यात जुना महिना आधी भरा. खाली हेही लिहा की थकबाकीवर वर्षाला 12 टक्के व्याज आणि वर दंडाची नुकसानभरपाई लागते. शिवाय कामगारांचा हिस्सा मुदतीनंतर भरला तर आयकरात त्याची वजावट जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तसा निकाल दिला होता. मालक बहुधा इथेच कान टवकारतील. ई-मेलची प्रत ठेवा. पगारपत्रकं मात्र घरी नेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. गोपनीयता मोडल्याचं निमित्त मालकांना आयतं मिळेल.

राहिला गप्प बसण्याचा प्रश्न. हे गुपित टिकणारं नाही. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणतं चलन कधी भरलं ते कोणालाही दिसतं. कामगाराने घरासाठी अ‍ॅडव्हान्स मागितला की पासबुकातली रिकामी जागा दिसणारच. कोणी विचारलं तर "उमंग या सरकारी अ‍ॅपवर पासबुक बघा" एवढं सांगा. त्याचं पासबुक त्यालाच बघायला सांगितल्याने कंपनीचं काही फुटत नाही. "भरलाय" असं मात्र तोंडीसुद्धा म्हणू नका.

ई-मेलनंतर महिनाभरात एकही चलन निघालं नाही, तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर जा. स्वतःच्या पगाराच्या स्लिपा आणि पासबुक जोडा. तुमचाही पीएफ कापला जात असेलच. स्वतःच्या यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) तक्रार करायला मालकांची परवानगी लागत नाही.